एक आणा हिश्श्याचं विमान

रिचर्ड सँटुली हे मूळचे गणिताचे. गोल्डमन सॅक्समधली नोकरी सोडून त्यांनी तेलविहिरींवर ये-जा करणारी हेलिकॉप्टरं भाड्यानं देण्याचा धंदा थाटला होता. 1984 मध्ये त्यांनी ओहायो राज्यातल्या कोलंबसची एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन ही कंपनी विकत घेतली. कंपनीचा पूर्वेतिहास मोठा वजनदार होता. 1964 मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या निवृत्त बड्या अधिकाऱ्यांनी पुढाकार घेऊन ती काढली होती. सुरुवातीच्या संचालक मंडळात जेम्स स्टुअर्टसारखा नामवंत सिनेनट होता, आणि हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक पॉल टिबेट्स पुढे तिचे अध्यक्ष झाले. मधल्या काळात तिच्यात पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा पैसा आला होता. रेल्वेनं विमान कंपनीवर ताबा ठेवणं तिथल्या कायद्यात बसत नसल्यानं नियामकांनी रेल्वेला त्यातून हात काढून घ्यायला लावला. म्हणजे एका वाहतूक कंपनीनं दुसऱ्या प्रकारच्या वाहतुकीत शिरायचं आणि पोळून बाहेर पडायचं, हे या धंद्याच्या जन्माआधीच एकदा घडून गेलं होतं.

सँटुलींच्या दृष्टीनं खरा ठेवा होता तो जुन्या उड्डाणांच्या नोंदवह्यांचा. कोण, कुठून, कुठे, किती वाजता गेलं, याची वीस-बावीस वर्षांची नोंद. त्यांनी ती बारकाईनं तपासली. एकेका गिऱ्हाइकाकडे पाहिलं तर कोणाला कधी विमान लागेल याचा काही नेम नाही. पण शेकडो गिऱ्हाइकं एकत्र मांडली की त्या बेभरवशाला एक आकार येतो. अमुक इतक्या मालकांसाठी अमुक इतकी विमानं, आणि त्यावर कंपनीच्या स्वतःच्या मालकीची काही राखीव विमानं ठेवली, की मागेल त्याला मागेल तेव्हा विमान देण्याची लेखी हमी देता येते, हे त्यांनी आकड्यांतून काढलं. 1986 च्या सुमारास नेटजेट्स ही योजना बाजारात आली, ती या हिशेबाच्या जोरावर.

आपल्याकडे सामाईक विहीर असते, तिच्यात भावांचे आण्यांत हिस्से असतात आणि हिश्श्याप्रमाणे मोटर चालवण्याचे तास ठरलेले असतात. विमानाचं तसंच झालं. विमानाचे सोळा हिस्से पाडले. एक आणा हिस्सा घेतला की वर्षाला 50 तास, दोन आणे घेतले की 100, चार आणे घेतले की 200. सोळा आण्यांचे मिळून 800 तास. फरक इतकाच की विहिरीवर थोरल्याची पाळी चालू असताना धाकट्याला थांबावं लागतं. इथे कोणीच थांबायचं नाही. तुमचं विमान दुसऱ्या हिस्सेदाराला घेऊन गेलं असेल तर कंपनी त्याच जातीचं दुसरं पाठवणार, तेही नसेल तर त्याहून मोठं पाठवणार, आणि काहीच हाताशी नसेल तर बाहेरून भाड्यानं आणून तुमच्या दारात उभं करणार. मालकानं तीन प्रकारचे पैसे मोजायचे: हिश्श्याची किंमत, दरमहाची देखभाल फी, आणि प्रत्यक्ष उडाल्याच्या तासांचे पैसे. विमान त्याला घ्यायला रिकामं आलं आणि सोडून रिकामं गेलं, तर तो खर्च कंपनीचा.

हा शेवटचा मुद्दा कागदावर एका ओळीचा आहे. तो काय असतो हे कळायला ऑपरेशन्सच्या टेबलावर बसावं लागतं. मुंबईत एका खासगी विमानसेवेच्या ऑपरेशन्समध्ये मी काही वर्षं काढली. आमचा धंदा चार्टरचा होता, हिश्श्यांचा नव्हे, पण रिकाम्या फेरीचं दुखणं दोन्हीकडे एकच. एकदा आमचं विमान एका लग्नासाठी पाहुण्यांना घेऊन अशा एका गावी गेलं होतं, जिथल्या धावपट्टीवरून सूर्यास्तानंतर उडता येत नव्हतं. दुपारी चारला निघायचं ठरलेलं. साडेचारला मी कॅप्टनना फोन लावला.

“कॅप्टन, पाहुणे निघाले का?”

“कुठले निघतायत! दुसरी पंगत बसलीय. साहेब म्हणतात, अर्ध्या तासात येतो.”

“सूर्यास्त सहा-चोविसला आहे.”

“ते मला सांगू नका, त्यांना सांगा.”

पाहुणे आले तेव्हा अंधार पडला होता. विमान रात्रभर तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच विमानानं मुंबईहून दुसरं गिऱ्हाईक दिल्लीला जायचं होतं. त्या रात्री आम्ही तिघं जण टेबलाला चिकटून होतो. एक जण इतर ऑपरेटरांना फोन करून कोणाचं विमान मोकळं आहे का विचारत होता, दुसरा वैमानिकांच्या ड्यूटीचे आणि विश्रांतीचे तास मोजत होता, आणि मी मुंबईच्या गर्दीतला सुटलेला स्लॉट, म्हणजे उड्डाणाची ठरवून मिळालेली वेळ, कसा परत मिळवायचा या विवंचनेत. पहाटे एका ऑपरेटरचं विमान मिळालं. ते अहमदाबादहून रिकामं आणलं. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच कळलं नाही. ते वेळेवर उडाले आणि आम्हाला त्या फेरीत घसघशीत तोटा झाला. चार्टरमध्ये निदान नाही म्हणण्याची सोय असते. हिश्श्याच्या धंद्यात तुम्ही नाही म्हणायचं नाही, हेच तर विकलेलं असतं.

अमेरिकेतल्या बड्या विमान कंपन्यांना या धंद्याची भुरळ का पडली, ते समजण्यासारखं आहे. गुंतवणूकदार वॉरन बफेट यांनी 1995 मध्ये नेटजेट्सकडून हॉकर 1000 या विमानाचा चार आणे हिस्सा घेतला, त्यावर खूश झाले, आणि 1998 मध्ये त्यांच्या बर्कशायर हॅथवेनं सुमारे 72 कोटी 50 लाख डॉलर मोजून सगळी कंपनीच घेतली. त्या दशकात अमेरिकी विमान प्रवासाचा अनुभव उतरणीला लागला होता. ऐनवेळी तिकीट काढणाऱ्या कंपनी-अधिकाऱ्याकडून भरमसाट भाडं घ्यायचं आणि त्याला शिकागोच्या ओहेअरवर तासन्‌तास ताटकळत ठेवायचं, असा प्रकार चालला होता. पुढच्या रांगांत बसणारी ही मूठभर माणसं उत्पन्नाचा मोठा वाटा देतात, हे विमान कंपनीतल्या कारकुनालाही ठाऊक असतं. तीच माणसं नेटजेट्सच्या दिशेनं निघाली. तेव्हा कंपन्यांच्या वरच्या मजल्यांवर विचार सुरू झाला, की गिऱ्हाईक आपलं, वैमानिक आपल्याकडे, दुरुस्तीचे हँगर आपले, प्रशिक्षणाची सिम्युलेटरं आपली. मग हा धंदा दुसऱ्याच्या हाती का जाऊ द्यायचा?

हा विचार मला मुळातच चुकीचा वाटतो. विमान कंपनीचं सगळं शहाणपण यंत्र जमिनीवर उभं न ठेवण्यात आहे. साधं प्रवासी विमान दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास उडवलं तर कुठे दोन पैसे सुटतात. रिकामी खुर्ची म्हणजे कायमचं नुकसान. हिश्श्याच्या विमानाचे 800 तास वर्षाच्या दिवसांत वाटून पाहा, दिवसाला जेमतेम सव्वादोन तास येतात. उरलेल्या वेळात ते वाट पाहत उभं असतं किंवा रिकामं फिरत असतं, आणि ते तसं असतं म्हणूनच हमी पाळली जाते. एका धंद्यात ज्याला नासाडी म्हणतात, त्याचेच दुसऱ्या धंद्यात पैसे घेतलेले असतात. वैमानिक आणि हँगर दोन्हीकडे लागतात, म्हणून धंदा एकच ठरत नाही.

अमेरिकन एअरलाइन्सनं त्यातल्या त्यात सावध पाऊल टाकलं. तिच्या मूळ कंपनीची, म्हणजे एएमआरची, एएमआर कोम्ब्स ही शाखा खासगी विमानांना इंधन, हँगर आणि जमिनीवरच्या सेवा पुरवायची. तिनं 1995 मध्ये बॉम्बार्डियर या विमान बनवणाऱ्या कंपनीशी भागीदारी केली आणि त्यातून फ्लेक्सजेट जन्माला आली. विमानं खपवण्याची गरज बॉम्बार्डियरची होती, त्यामुळे विमानांचं ओझंही मुख्यतः तिच्याच खांद्यावर राहिलं. दशक संपता संपता एएमआरनं कोम्ब्स विकून टाकली. फ्लेक्सजेट आजही उडतेय, पण तिच्यावर विमान कंपनीचं नाव नाही.

जर्मनीच्या लुफ्तान्सानं 2005 मध्ये आणखी सुटसुटीत मार्ग काढला. आपल्या पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला म्युनिकहून पुढे छोट्या गावी जायचं असेल तर जेट नेटजेट्सच्या युरोपातल्या कंपनीचं, तिकीट आणि नाव लुफ्तान्साचं. पुढे स्वतःचा ताफा जमवून पाहिला, आणि काही वर्षांत पुन्हा नेटजेट्सचं दार ठोठावलं.

डेल्टाची गोष्ट जास्त लांबलेली आहे. कॉमएअर ही प्रादेशिक कंपनी घेतली तेव्हा तिच्या सिनसिनाटीच्या मुक्कामी चालणारा छोट्या जेटचा धंदाही डेल्टाच्या पदरात पडला. त्याचं आधी डेल्टा एअरएलिट आणि पुढे डेल्टा प्रायव्हेट जेट्स असं नामकरण झालं. हे हिश्श्यांपेक्षा चार्टर, सदस्यत्व आणि दुसऱ्यांची विमानं सांभाळणं असं काम होतं. यातला एक किस्सा मला फार आवडतो. 2015 च्या अखेरीस डेल्टानं जाहीर केलं, की आपल्या नेहमीच्या निवडक प्रवाशांना 300 ते 800 डॉलर जादा घेऊन साध्या विमानाऐवजी खासगी जेटमध्ये बसवू. ज्या जेटची रिकामी फेरी त्या दिशेनं जाणारच आहे, त्यात. ऑपरेशन्सच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही यामागचा विचार लगेच ओळखू येईल. रिकामी खुर्ची सहन न होणारा विमान कंपनीचा माणूस त्या रिकाम्या फेऱ्यांकडे रोज बघत असणार. कल्पना चांगलीच होती. पण रिकाम्या फेरीचा भरवसा नसतो. मालकानं बेत बदलला की ती फेरी दुसरीकडेच वळते, आणि तिच्यावर वेळापत्रक बांधता येत नाही. 2020 च्या सुरुवातीला डेल्टानं हा धंदा व्हील्स अप या कंपनीत मिसळून टाकला आणि बदल्यात तिचे शेअर घेतले. 2023 मध्ये व्हील्स अपच बुडायच्या बेताला आली, तेव्हा डेल्टाला इतर गुंतवणूकदारांना सोबत घेऊन तब्बल 50 कोटी डॉलरचा टेकू उभा करावा लागला. हात काढून घेतला असं वाटलं तरी हात अडकलेलाच होता.

पण या सगळ्यांत मनाला लागते ती युनायटेड एअरलाइन्सची गोष्ट.

युनायटेडचा निम्म्याहून मोठा भाग एके काळी तिच्या कामगारांच्या मालकीचा होता. 1994 मध्ये वैमानिक, मेकॅनिक आणि इतर कर्मचाऱ्यांनी पगारात आणि कामाच्या अटींत साडेचार अब्ज डॉलरहून अधिक सोडून दिले आणि त्या बदल्यात कंपनीचे 55 टक्के शेअर घेतले. हवाई सुंदऱ्यांची संघटना त्यात सामील झाली नाही. वैमानिकांचा आणि मेकॅनिकांचा प्रतिनिधी थेट संचालक मंडळावर बसू लागला. जगातल्या सर्वांत मोठ्या कामगार-मालकीच्या कंपन्यांत तिची गणना होई. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पगार मात्र कापलेलेच राहिले, आणि 2000 च्या उन्हाळ्यात नव्या कराराची बोलणी रखडल्यावर वैमानिकांनी जादा काम घेणं थांबवलं. हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर अडकलेल्या त्या प्रवाशांत कंपनी-अधिकारीही होते. त्यांच्यातल्या कित्येकांनी त्या उन्हाळ्यात हिश्श्याच्या विमानांची चौकशी केली असेल, असं मला राहून राहून वाटतं.

2001 च्या पूर्वार्धात युनायटेडनं जाहीर केलं, की आपण या बाजारात स्वतः उतरतोय. नव्या उपकंपनीचं नाव आधी युनायटेड बिझजेट होल्डिंग्ज होतं, पुढे ते अव्होलार झालं. धुरा स्टुअर्ट ओरान या युनायटेडमधल्याच ज्येष्ठ अधिकाऱ्याकडे होती. गल्फस्ट्रीमशी आणि फ्रान्सच्या दासोशी विमानांचे मोठे करार झाले. दासोची फाल्कन आणि गल्फस्ट्रीम ही या बाजारातली सर्वांत महागड्या पंक्तीतली नावं. नेटजेट्सनं सुरुवात छोट्या सेस्ना विमानांपासून केली आणि वर्षानुवर्षांच्या नोंदींवर ती हळूहळू वाढत गेली. युनायटेडला एका उडीत वरच्या पायरीवर जायचं होतं.

त्याच वेळी हँगरमध्ये काय चाललं होतं, ते पाहायला हवं. मेकॅनिकांना 1994 पासून पगारवाढ नव्हती आणि त्यांच्या कराराची बोलणी अडली होती. यूएस एअरवेज विकत घेण्याचा 4.3 अब्ज डॉलरचा बेत सरकारच्या विरोधामुळे जुलै 2001 मध्ये मोडला आणि तो मोडल्याबद्दल युनायटेडला 5 कोटी डॉलर भरावे लागले. अशा घडीला श्रीमंतांच्या जेटसाठी पैसा काढायचा, ही गोष्ट संघटनांच्या पचनी पडली नाही आणि त्यांनी ती बोलूनही दाखवली. मला त्यांचं म्हणणं पटतं. अमेरिकेतल्या वैमानिकाचं सगळं आयुष्य ज्येष्ठतेच्या यादीवर चालतं. कोणतं विमान, कोणता मार्ग, आपल्या दिवाळीसारख्या तिथल्या नाताळात घरी की ड्यूटीवर, सगळं यादीतल्या क्रमांकावर ठरतं. कंपनीनं यादीबाहेरचे वैमानिक घेऊन नवं दुकान काढलं की पहिला प्रश्न उठतो, उद्या आमचं उड्डाण तिकडे जाणार नाही कशावरून? म्हणून तर तिथल्या करारांत कोणतं उड्डाण कोणी करायचं याची कलमं शब्द तोलून मापून लिहिलेली असतात.

मग 11 सप्टेंबर उजाडला. त्या सकाळी अपहरण झालेल्या चार विमानांपैकी दोन युनायटेडची होती. काही दिवसांतच कंपनीनं 20 हजार माणसं कमी करत असल्याचं सांगितलं. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जेम्स गुडविन यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं, की रक्तस्राव असाच चालू राहिला तर पुढच्या वर्षी कंपनी मरेल. पत्र बाहेर फुटलं, शेअर कोसळले, संघटना खवळल्या आणि महिना संपायच्या आत गुडविन गेले. त्यांच्या जागी जॅक क्रेटन आले.

या काळात अव्होलारच्या कचेरीत बसलेल्या माणसांची अवस्था काय असेल, याचा मी अनेकदा विचार केलाय. कारण बाजार त्यांच्याकडे चालून येत होता. विमानतळांवरच्या तपासणीच्या रांगा लांबल्या, लोक साध्या विमानात बसायला घाबरू लागले आणि खासगी जेटची चौकशी वाढली. अडचणीही होत्याच. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर प्रवासी विमानं काही आठवड्यांत परतली, पण खासगी जेटना तिथे पुन्हा उतरायला ऑक्टोबर 2005 उजाडावा लागला. तरी एकूण वारं त्यांच्या बाजूचं होतं. गिऱ्हाईक होतं, विमानांचे करार होते, नाव ठरलं होतं. फक्त पैसा नव्हता. आईबापाच्याच घरात चूल विझायला आलेली. युनायटेडला 2001 या एका वर्षात 2.1 अब्ज डॉलरचा तोटा झाला. बाहेरचे गुंतवणूकदार शोधायचा प्रयत्न झाला. ते मिळाले नाहीत. मार्च 2002 मध्ये अव्होलारचा गाशा गुंडाळला गेला, घोषणेला वर्षही पुरं झालं नव्हतं. त्याच महिन्यात मेकॅनिकांचा नवा करार मंजूर झाला आणि त्यांना आठ वर्षांनी पगारवाढ मिळाली.

पैसा मिळाला असता तर अव्होलार चाललं असतं का? मला शंका आहे, आणि ती नेटजेट्सच्याच पुढच्या हकिकतीमुळे आहे. बफेट यांच्यासारखा खोल खिशाचा आणि दमदार मालक पाठीशी असूनही बर्कशायरनं घेतल्यापासून अकरा वर्षांत तिचं कर्ज 10 कोटी 20 लाख डॉलरवरून 1.9 अब्जांवर गेलं. 2009 च्या मंदीत एकट्या त्या वर्षाचा करपूर्व तोटा 71 कोटी 10 लाख डॉलर होता. हिश्श्यांना उठाव नसल्यानं गळ्यात पडलेल्या विमानांची किंमत खाली धरावी लागली, हे त्याचं एक मोठं कारण. ऑगस्टमध्ये सँटुली यांनी पद सोडलं. ज्या माणसानं हा धंदा गणितातून उभा केला त्याच्या हातूनही तो सावरला नाही, आणि तरी कंपनी टिकली, कारण मागे उभा राहणारा दम धरू शकत होता. दर तिमाहीला इंधनाच्या भावाकडे आणि संघटनेच्या नोटिशीकडे डोळे लावून बसलेल्या विमान कंपनीकडे हा दम कुठून येणार?

सरकारी नियमांचंही भिजत घोंगडं होतं. हिश्श्याचं उड्डाण म्हणजे मालकानं स्वतःचं विमान वापरणं, की भाड्याची वाहतूक, हा वाद नव्वदच्या दशकापासून पेटला होता. चार्टरवाल्यांचं म्हणणं, आम्हाला कडक नियम आणि यांना मोकळं रान का? अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनानं दोन्ही बाजूंची माणसं एका समितीत बसवली आणि स्वतंत्र नियमावली काढली ती सप्टेंबर 2003 मध्ये. तिच्यातही किमान हिस्सा एक आणाच धरला गेला. अव्होलारला मात्र नियम ठरण्याआधीच मैदानात उतरायचं होतं आणि ठरण्याआधीच ते सोडावं लागलं.

9 डिसेंबर 2002 रोजी युनायटेडनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. त्याआधी काही दिवस सरकारनं तिच्या 1.8 अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी द्यायचं नाकारलं होतं. 2005 मध्ये न्यायालयाच्या परवानगीनं कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजना मोडून सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात घातल्या गेल्या, आणि अनेकांच्या हाती ठरल्यापेक्षा पुष्कळ कमी पेन्शन आलं. 2006 च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली तेव्हा जुने शेअर रद्द झाले होते. हिश्श्याच्या विमानाचा करार साधारण पाच वर्षांचा असतो आणि मुदत संपली की कंपनी तो हिस्सा बाजारभावानं परत घेते, तसं कलमच त्यात असतं. 1994 मध्ये पगार सोडून युनायटेडचा हिस्सा घेतलेल्या मेकॅनिकाच्या कागदांत तसं कोणतंही कलम नव्हतं.